जखमी माणूस तुमचा कोण? ट्रॅक्टर, मजूर, दुकान आणि दवाखान्याच्या दायित्व विम्याबद्दल

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, एक पिकअप आहे, केळी आणि कापूस आहे, दोन सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी) आहेत, फाट्यावर कृषी सेवा केंद्र आहे आणि धाकट्या भावाच्या पत्नीचा जळगावला दवाखाना आहे. गाड्यांची थर्ड पार्टी वेळच्या वेळी भरलेली. पण शेजारच्या गावात मजुरांची ट्रॉली उलटली, बाया जखमी झाल्या आणि विमा कंपनीने ‘ही आमची जबाबदारी नाही’ असं लेखी कळवलं. हे ऐकल्यापासून भाऊंना घोर लागला आहे. ते विचारतात, पैसे भरूनही कंपनी हात वर करणार असेल तर लायबिलिटी विमा नेमका कशाचा असतो? त्यात काय येतं आणि काय येत नाही?

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यात मोटार अपघाताचे आणि मजूर भरपाईचे दावे चालवतो, कधी जखमींच्या बाजूने, कधी मालकाच्या. दोन्ही बाजूंच्या लोकांची समजूत एकच असते: पॉलिसी गाडीची आहे, म्हणजे गाडीमुळे ज्याला ज्याला लागलं त्या सगळ्यांना कंपनी पैसे देणार. या समजुतीपायीच घरं अडचणीत येतात.

दायित्व विमा, म्हणजेच लायबिलिटी विमा, तुमचं स्वतःचं नुकसान भरून देत नाही. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली, कुणी दगावलं किंवा कुणाच्या मालमत्तेची नासधूस झाली, आणि कायद्याने त्याची भरपाई तुमच्या अंगावर आली, तर ती भरपाई तुमच्या वतीने कंपनी देते. तुमच्या बाजूने वकील देणं, कोर्टात लढणं हा खर्चही बहुतेक पॉलिसींमध्ये कंपनीचा. त्यामुळे आधी तुमच्यावर कायदेशीर जबाबदारी यावी लागते, आणि ती जबाबदारी त्याच पॉलिसीने उचललेली असावी लागते. ही दुसरी गोष्ट ठरते एका प्रश्नावर: जखमी झालेला माणूस तुमचा कोण? रस्त्याने चाललेला परका, तुमच्याकडे राबणारा मजूर, तुमचं गिऱ्हाईक, तुमचा पेशंट, की तुमच्या गाडीत फुकट बसलेला शेजारी? प्रत्येकाचं नातं वेगळं, त्याला लागणारा कायदा वेगळा आणि पॉलिसीही वेगळी.

शेजारच्या गावात झालं तसाच एक अपघात डोळ्यांसमोर आणा. शेतातून गावाकडे येताना ट्रॅक्टर वळणावर घसरला, समोरच्या मोटारसायकलला धडकला आणि ट्रॉली उलटली. मोटारसायकलवाला जागीच गेला. ट्रॅक्टर पगारी ड्रायव्हर चालवत होता, त्याचा पाय मोडला. ट्रॉलीत तुमचा सालदार होता आणि कापूस वेचायला आलेल्या चार बाया होत्या. गावातली एक म्हातारी हात दाखवून वाटेत बसली होती. मडगार्डवर तुमचा मुलगा होता. अपघात एकच, पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात यातल्या प्रत्येकाचा हिशेब निराळा होतो.

मोटारसायकलवाला खराखुरा ‘थर्ड पार्टी’. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला विमा मुळात याच्यासाठीच आहे. ड्रायव्हर प्यायलेला असो, लायसन्स नसो, तरी या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळण्याची वाट बंद होत नाही. अशा वेळी न्यायालय बहुधा कंपनीला सांगतं: आधी घरच्यांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे तत्त्व चांगलं रुजलं आहे. मालकांनी मात्र त्यातला पुढचा अर्धा भाग नीट ऐकावा. ‘मग वसूल करा’ म्हणजे अखेरीस तुमच्याकडूनच.

पगारी ड्रायव्हर थर्ड पार्टी नव्हे, तो तुमचा नोकर. तरी ड्रायव्हरची मजूर भरपाईपुरती जबाबदारी कायद्यानेच मोटार पॉलिसीत घातली आहे. पॉलिसीच्या तक्त्यात ‘लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ अशी ओळ असते आणि तिचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो. ती ओळ असेल तर पुढचे वाद टळतात. ती आहे का, हे आजच बघा.

सालदार आणि कापूस वेचणाऱ्या बाया, खरं दुखणं इथे आहे. ट्रॅक्टरच्या आरसीवर बसायची जागा एकच, ड्रायव्हरची. ट्रॉली माणसं न्यायला नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या बाबतीतही २०१८ मध्ये हाच निकाल आला: एकच जागा असताना दुसरा बसला तर पॉलिसी त्याला लागू नाही. त्या प्रकरणात न्यायालयाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. पण तशी सवलत दर वेळी मिळेलच, असं धरून चालू नका. गावातली म्हातारी याच रांगेत येते, आणि तिच्यासाठी तर मजूर भरपाईचा आधारही नाही. माणुसकी म्हणून बसवलं, हे खरं असतं. पण भरपाईचा आदेश तुमच्या नावावर निघतो.

आता मडगार्डवर बसलेल्या मुलाचं. पगारी ड्रायव्हरऐवजी तोच ट्रॅक्टर चालवत होता असं समजा, कारण आपल्याकडे तेच जास्त होतं. सातबारा वडिलांच्या नावावर, कर्ज वडिलांच्या नावावर, अनुदान वडिलांच्या नावावर, म्हणून ट्रॅक्टरही वडिलांच्या नावावर. आणि चालवतो मुलगा. सक्तीचा १५ लाखांचा ‘मालक-चालक’ वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो, तोही स्वतः लायसन्सधारक असेल तर. मुलगा मालक नाही आणि पगारी ड्रायव्हरही नाही. गाडी मागून घेतलेला माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्याला थर्ड पार्टी म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय २००९ पासून सांगत आलं आहे. म्हणजे घरातला सगळ्यात जास्त ट्रॅक्टर चालवणारा माणूसच उघडा पडतो. त्याच्या नावाची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती दायित्व विम्यात मोडत नाही, पण हे भगदाड तिनेच बुजतं. आणि मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर चावी देऊच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड कुठलाच विमा भरत नाही.

किती पैशांची गोष्ट आहे, तेही बघून घ्या. मोटारसायकलवाला ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुलं आणि आई, असं धरू. न्यायाधिकरण सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांच्या पद्धतीने हिशेब करतं. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या मिळकतीत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे महिना २१,००० आणि वर्षाला २,५२,०००. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; बत्तिसाव्या वर्षासाठी गुणक १६. झाले ३०,२४,००० रुपये. त्यावर सहवास गमावल्याची रक्कम, अंत्यविधीचा खर्च आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज वेगळं. आपल्याकडे अशी कमाई असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणजे हा आकडा कुणा बड्या माणसाचा नाही.

पॉलिसी नसेल किंवा वसुलीचा आदेश झाला तर ही रक्कम कशी निघते? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवू शकतं, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा चढतो. अमळनेरकडचा एक ट्रॅक्टरमालक तलाठ्याकडून उतारा घेऊन माझ्याकडे आला होता. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, “पॉलिसी भरेल शे, मंग पैसा मी काब्र देऊ?” त्याची थर्ड पार्टी खरोखरच चालू होती. पण ट्रॅक्टर शेतीकामाचा म्हणून विमा उतरवलेला आणि अपघात झाला तेव्हा भाड्याने विटा वाहत होता, ट्रॉलीवर तीन माणसं. तक्त्यातली वापराची ओळ त्याला तोवर कुणी वाचून दाखवलीच नव्हती.

म्हणून पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ ही ओळ शोधा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तिथे सहसा शेती आणि वनकामासाठी वापर असं लिहिलेलं असतं. आपली केळी बांधावरून रस्त्यापर्यंत आणणं, खत नेणं यात अडचण नाही. वाळू, मुरूम, विटा भाड्याने वाहिल्या तर ते शेतीकाम राहत नाही. तसं काम करायचंच असेल तर व्यापारी वापराची नोंदणी आणि तशीच पॉलिसी हवी. तिथेच खाली ट्रॉलीचा उल्लेख आहे का बघा. ट्रॉलीची नोंद आणि प्रीमियम वेगळा असतो. इंजिनाचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचाही झाला, असं होत नाही. आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा, तुटला की बदला. रात्री चोपडा-यावल रस्त्यावर किंवा सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला बिनदिव्याची ट्रॉली उभी असते आणि मागून दुचाकी आदळते. अशा दाव्यांत ‘आमचा ट्रॅक्टर तर उभाच होता’ या बचावाने मालक सुटत नाही.

पिकअपबद्दल थोडक्यात. लाइट मोटर व्हेईकलच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याआधी या एका मुद्द्यावर कंपन्या वर्षानुवर्षं दावे लढवत होत्या. पिकअपमध्ये मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला असेल तर त्याची जबाबदारी कंपनीवर येते. लग्नाचं वऱ्हाड बसवलं तर येत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला दुचाकी सोडून इतर गाड्यांत साधारण साडेसात लाखांची आणि दुचाकीला एक लाखाची मर्यादा असते. थोडा प्रीमियम वाचवायला काही जण ती ६,००० रुपयांवर आणतात. तसं करू नका, एका कारचा दरवाजा आणि बंपरसुद्धा त्यात येत नाही. आणि पिकअपमधली दुसऱ्याची केळी खराब झाली तर? थर्ड पार्टी त्यातला रुपया देत नाही, कारण तो माल तुमच्या ताब्यात होता. त्यासाठी वाहतूकदाराच्या दायित्वाची वेगळी पॉलिसी असते. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवाल्यांनाही हेच लागू. ताब्यात घेतलेला परक्याचा माल साध्या दायित्व विम्यातून जवळपास नेहमीच वगळलेला असतो.

घरातली दुचाकीही या निमित्ताने तपासा. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम मिळते, आणि पाच वर्षं झाली की ती संपली हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ७१४ रुपये. वर केलेल्या तीस लाखांच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून बघा. मागे बसणाऱ्याचा विचार करून नुसत्या थर्ड पार्टीऐवजी पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसह) घ्या, तिच्यात मागचा माणूस धरलेला असतो, नुसत्या थर्ड पार्टीत तो धरत नाहीत. जुनी गाडी विकली असेल तर नुसत्या सह्या करून चावी देऊन मोकळं होऊ नका. २०१८ च्या नवीन कुमार निकालाप्रमाणे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार, मग गाडी पुढे चार हात फिरलेली का असेना.

आता सालदार आणि मजूर. माझ्या मते तुमच्या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत मोठी मोकळी जागा हीच आहे. मजूर कामावर जखमी झाला किंवा दगावला तर मालकाची चूक होती की नव्हती हे बघितलंच जात नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं. हे १९२३ च्या मजूर भरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेबाची मूळ रीत तीच. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. हिशेबासाठी महिन्याला १५,००० पर्यंतचाच पगार धरत आले आहेत. तीस वर्षांच्या मजुराचा गुणांक २०७.९८. पगार १५,००० असेल तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे रक्कम आणखी वाढते.

‘शेतीला हा कायदा लागतच नाही’ असं गावोगाव सांगितलं जातं. ट्रॅक्टरने किंवा विजेच्या यंत्रांनी चालणाऱ्या शेतीतला कामगार या कायद्याच्या यादीत आहे. आपल्याकडे आज तशी नसलेली बागायत शेती दाखवा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक, थ्रेशरमध्ये गेलेला हात, रात्रपाळीच्या पाण्याला गेल्यावर चावलेला साप, कपाशीवर फवारताना झालेली विषबाधा, या सगळ्यांचे दावे होतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. औषधं तीच, पंप तेच, कपाशी तीच.

यासाठी जी पॉलिसी असते तिला बाजारात अजूनही ‘डब्ल्यूसी’ (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे मजूर भरपाई) म्हणतात. मजुरांची नावं दिली नाहीत तरी चालतं. किती माणसं, कुठलं काम, वर्षाची एकूण मजुरी किती, हे सांगायचं. आणि खरं सांगायचं. प्रीमियम कमी व्हावा म्हणून आठ माणसं असताना तीन लिहिली की अपघातानंतर कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतं, तर पॉलिसीची तारीखही त्याच सुमाराची ठेवा, म्हणजे नवा सालदार आला, मजुरी बदलली तर त्याच वेळी नोंद होते. घेताना दोन गोष्टी जोडून मागा: ठेकेदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या, मजुरांचा समावेश आणि औषधोपचाराचा खर्च. भरपाई वेळेत दिली नाही म्हणून मालकाला जो दंड बसतो तो कंपनी भरत नाही, आणि व्याजाबद्दल पॉलिसीत काय लिहिलं आहे ते वाचून घ्या.

केळी कापणीच्या टोळीबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे, की त्यातल्या कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची. टोळी व्यापाऱ्याची असते, मजुरी तो किंवा मुकादम देतो, त्यामुळे बागेत घड उतरवताना कुणाला विळा लागला तर पहिली जबाबदारी त्यांची. पण तीच टोळी तुमच्या ट्रॉलीत बसून फाट्यापर्यंत आली आणि ट्रॉली उलटली की गाडीचे मालक म्हणून तुम्ही प्रतिवादी होता. टोळी व्यापाऱ्याच्या गाडीनेच ये-जा करेल, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या. आणि त्याच्याकडे डब्ल्यूसी आहे का, तेही विचारा. विचारण्यात संकोच कसला, तो तुमचा घड मापून घेताना संकोच करत नाही.

अपघात झाल्यावर काय करायचं, यावर जरा थांबतो, कारण चांगली पॉलिसीसुद्धा पहिल्या दोन दिवसांत वाया जाते. जखमीला दवाखान्यात न्या. चालकाचं ते कायदेशीर कर्तव्य आहे, आणि दवाखान्यात डिपॉझिट भरलं म्हणजे तुम्ही गुन्हा कबूल केला असं होत नाही. कंपनीला लेखी कळवा: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, जखमींची नावं, ड्रायव्हरचं नाव. पण गावात बसून मिटवू नका. पंच बसतात, दोन लाख ठरतात, शंभराच्या स्टॅम्पवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतात. त्या कागदाने मयताची लहान मुलं किंवा सही न केलेले वारस बांधले जात नाहीत, ते पुढे रीतसर दावा करू शकतात. दुसरीकडे, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, ही अट जवळजवळ प्रत्येक दायित्व पॉलिसीत असते. म्हणजे दोन लाख गेले, दावाही उभा राहिला आणि कंपनीच्या हाती आयता मुद्दा लागला. तडजोड करायची तर कंपनीला सोबत घेऊन लोकअदालतीत करा. तिथला निवाडा पक्का असतो आणि पैसेही कंपनी देते.

आणि ड्रायव्हर बदलू नका. लायसन्स नसलेला मुलगा चालवत होता आणि फिर्यादीत काकाचं नाव घातलं, असं घडतं. साक्षीदार, मोबाइलचं लोकेशन, पेट्रोलपंपावरचा कॅमेरा यातून ते उघडं पडतं. मग भरपाई तर अंगावर येतेच, शिवाय खोट्या पुराव्याचं फौजदारी प्रकरण होतं आणि काका विनाकारण आरोपी होतो.

कृषी सेवा केंद्राला दोन वेगळ्या जबाबदाऱ्या चिकटतात. दुकानात थप्पी कोसळून गिऱ्हाईक जखमी झालं, गोदामाला आग लागून शेजारचं दुकान जळलं, तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी. दुकानाच्या आगीच्या विम्यात शेजाऱ्याचं नुकसान आपोआप येत नाही. घातक रसायनांचा ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठा असेल तर १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याने विमा सक्तीचा होतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर तो कायदा आला. तुमच्या साठ्याला तो लागतो का, हे परवान्याचे कागद घेऊन तपासून घ्या.

दुसरी जबाबदारी विकलेल्या मालाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालामुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादकाबरोबर विक्रेत्यालाही काही परिस्थितींत जबाबदार धरलं आहे: मालात फेरफार केला, स्वतः वेगळी हमी दिली, धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, किंवा माल कुणी बनवला हेच सांगता आलं नाही तर. म्हणून पक्कं बिल, लॉट नंबर आणि खरेदीची पावती जपून ठेवा, विमा असो वा नसो. प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी घेतली तरी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मालामुळे दुसरं काही बिघडलं, माणसाला विषबाधा झाली, उभं पीक जळलं, तर ते तिच्यात येऊ शकतं. बियाणं उगवलंच नाही, औषधाने अळी मेलीच नाही, हे सहसा येत नाही, कारण तिथे मालाने इजा केली नाही, तो फक्त कामाला आला नाही. आणि आपल्याकडे तक्रारी नेमक्या याच असतात. बियाण्याच्या तक्रारीसाठी शेतकरी ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलेलं आहे. त्यामुळे “हे मारा, शंभर टक्के गुण येईल” असं काउंटरवरून सांगणं बंद करा. त्या तोंडी हमीला कुठलीच साधी पॉलिसी पुरत नाही.

वहिनींच्या दवाखान्याचं. डॉक्टरांची सेवा १९९५ पासून ग्राहक कायद्यात आहे. त्यांच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी (व्यवसायातल्या चुकीच्या भरपाईचा विमा) असते, आणि ती बाकीच्या पॉलिसींपेक्षा एका बाबतीत निराळी आहे. मोटार विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे बघतात. डॉक्टरांच्या पॉलिसीत तक्रार आली त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि उपचार ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’ नावाच्या, म्हणजे पॉलिसीत जिथपासून संरक्षण धरलं आहे त्या तारखेनंतरचा हवा. त्यामुळे एक वर्ष जरी खंड पडला तरी मागच्या सगळ्या वर्षांचं संरक्षण जाऊ शकतं. नूतनीकरण चुकवू नका, कंपनी बदलली तर जुनी तारीख नव्या पॉलिसीत लिहून घ्या, आणि नोटीस आली की उत्तर देण्याआधी कंपनीला कळवा. दवाखान्यातल्या नर्स, कंपाउंडर आणि बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांच्या चुकांसाठी दवाखान्याच्या नावाची वेगळी पॉलिसी लागते. वहिनींच्या वैयक्तिक पॉलिसीवर अवलंबून राहू नका.

एजंटकडे जाताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं आरसी, चालू पॉलिसीचं पहिलं पान आणि मजुरांची खरी संख्या घेऊन जा. पेड ड्रायव्हरची ओळ आहे का, ट्रॉली धरली आहे का, वापर काय लिहिला आहे, हे त्याला तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. चेकने पैसे भरणार असाल तर खात्यात शिल्लक ठेवा. प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, हे विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं. सगळं एकदम जमणार नसेल तर आधी डब्ल्यूसी काढा, मग ट्रॉलीची नोंद करून घ्या. पब्लिक लायबिलिटी दिवाळीपर्यंत थांबली तरी चालेल. आणि मजुरांना ट्रॉलीतून नेणं उद्यापासून बंद करा, त्यासाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरवा.